इतिहासाच्या पदवीसाठी महाविद्यालय निवडताना : दोन विभागांचे परीक्षण

इतिहासाची पदवी घ्यायची असे ठरल्यावर मी पहिले वर्ष एका महाविद्यालयात काढले आणि उरलेली दोन वर्षे दुसऱ्या. विषय तोच, नेमलेल्या पुस्तकांची यादीही बरीचशी सारखी, आणि तरीही दोन्हीकडे पदरात पडलेले शिक्षण इतके वेगळे होते की प्रवेशाचे दिवस आले आणि कोणी ‘इतिहासासाठी कोणते कॉलेज चांगले?’ असे विचारले की एका नावात उत्तर देणे मला जमत नाही. दोन्ही संस्थांची नावे मी येथे देत नाही. विभागातले दोन-तीन प्राध्यापक निवृत्त झाले की विभागाचा चेहरा बदलतो, त्यामुळे आज नावानिशी केलेली शिफारस चार वर्षांनी खोटी ठरू शकते. मात्र त्या दोन विभागांत काय पाहिले, कशामुळे शिकले आणि कशामुळे वर्ष हातचे गेले, हे सविस्तर सांगितले तर वाचणाऱ्याला ते आपल्यासमोरच्या कोणत्याही महाविद्यालयाला लावून पाहता येईल.

पहिले महाविद्यालय मी केवळ नावावर निवडले. संस्था जुनी, इमारत देखणी, माजी विद्यार्थ्यांची यादी भारदस्त आणि क्रमवारीतले स्थान घरच्यांना अभिमानाने सांगता येईल असे. क्रमवारी म्हणजे नेमके काय मोजलेले असते, हे तेव्हा मी पाहिले नव्हते. विद्यापीठांच्या बहुतेक मोठ्या क्रमवाऱ्यांमध्ये इतर प्राध्यापकांच्या मनातली संस्थेची कीर्ती आणि संशोधनलेखांना मिळालेले उल्लेख यांना मोठे वजन असते. पदवीच्या पहिल्या वर्षाला कोण शिकवतो, निबंध तपासून परत मिळतो की नाही, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होते, यांपैकी एकही गोष्ट त्या आकड्यात उतरत नाही. संशोधनात नावाजलेला प्राध्यापक त्या विभागात असतो हे खरे, परंतु तो पदवीच्या वर्गावर येतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो प्रवेशापूर्वीच विचारला पाहिजे.

आमच्या वर्गात शंभरावर विद्यार्थी होते. तासाला सर येत, पिवळी पडलेली टिपणे काढत आणि सांगत. आम्ही लिहून घेत असू. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे सात होती, पहिल्या महायुद्धाची पाच, आणि वर्षअखेरीस परीक्षेत ती तितकीच लिहायची असत. माझी पहिली चाचणी परत आली तेव्हा उत्तरपत्रिकेवर वीसपैकी चौदा गुण होते आणि त्याखेरीज लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. सहा गुण कशाचे गेले हे विचारायला मी गेले तेव्हा ‘मुद्दे कमी पडले’ एवढे उत्तर मिळाले. सर वाईट शिक्षक होते असे मी म्हणणार नाही. त्यांचे वाचन दांडगे होते आणि तासानंतर वर्गाबाहेर गाठले तर ते मनापासून बोलत. पण आठवड्याला तीन वर्ग आणि शंभरांच्या उत्तरपत्रिका हातात असलेला माणूस प्रत्येकाच्या परिच्छेदावर शेरा कधी लिहिणार? दोष त्या व्यवस्थेचा होता, आणि ती व्यवस्था माहितीपुस्तिकेतल्या एकाही छायाचित्रात दिसत नव्हती.

दुसऱ्या महाविद्यालयात मी बदली घेऊन गेले ती खरे तर घरगुती अडचणीमुळे. विभाग लहान, पूर्णवेळ शिक्षक चार, वर्गात बावीस जण, आणि इमारतीबद्दल सांगण्यासारखे काही नाही. तिथल्या दुसऱ्याच आठवड्यातला एक तास माझ्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा आहे.

बाईंनी आम्हाला चार पाने वाटली. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या अठराव्या शतकातील चार खटल्यांचे ते छापील वृत्तांत होते. चारही चोरीचे, चारही राहत्या घरातून कपडे किंवा चांदीची भांडी नेल्याचे. बाईंनी काहीही न सांगता एवढेच विचारले, ‘निकालातला आकडा पाहा. काय दिसते?’ चोरीला गेलेल्या वस्तू वेगवेगळ्या होत्या आणि फिर्यादीत त्यांची लावलेली किंमतही वेगवेगळी होती, तरी ज्यूरीने चारही ठिकाणी आरोपीला ‘३९ शिलिंगच्या चोरीबद्दल दोषी’ ठरवले होते. कोणी म्हणाले, त्या काळी वस्तूंची किंमत कमी असेल. कोणी म्हणाले, छापण्यात चूक असेल. दहा मिनिटे आम्ही चाचपडत होतो. मग बाईंनी एक ओळ फळ्यावर लिहिली : राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा ऐवज चोरणाऱ्याला कायद्याने फाशीची शिक्षा होती.

वर्ग गप्प झाला. चार कागदांवरच्या त्या ३९ आकड्यात ज्यूरीतल्या माणसांचा निर्णय लपलेला होता. शपथ घेऊन बसलेल्या त्या माणसांनी, कपड्यांचे आणि चांदीचे बाजारमूल्य माहीत असूनही, एक शिलिंग खाली उतरून समोरच्या माणसाचा जीव वाचवला होता. कायदा एक सांगत होता आणि न्यायालयात घडत होते दुसरेच. त्यानंतरचा संपूर्ण तास प्रश्नांत गेला : मग फाशी कोणाला झाली? ज्यूरीत कोण बसत असे? ज्यांना वाचवले त्यांना पुढे कोठे पाठवले? सागरापारच्या वसाहतींत पाठवण्याची शिक्षा कशी रूढ झाली, आणि १७७५ नंतर अमेरिकेची वाट बंद झाल्यावर ऑस्ट्रेलियाकडे जहाजे का निघाली, हे आम्ही पुढच्या आठवड्यात वाचून आलो, आणि या वेळी ती ‘कारणे’ म्हणून पाठ करावी लागली नाहीत.

तास संपता संपता बाईंनी आणखी एक प्रश्न टाकला : हे वृत्तांत कोणी छापले आणि कोणी विकत घेतले? ते विक्रीसाठी छापले जात आणि त्यात आरोपीची बाजू पुष्कळदा त्रोटक येई. म्हणजे ज्या कागदावर आम्ही इतका वेळ विसंबून होतो, तो कागदही कोणाच्या तरी गरजेपोटी तयार झालेला होता. पुढच्या आठवड्याचा निबंध एक हजार शब्दांचा होता, त्याच चार खटल्यांवर. तो परत आला तेव्हा समासात बाईंच्या हातचे अकरा शेरे होते. त्यातला एक मला पाठ आहे : ‘हे तुम्हाला कसे कळले?’ माझ्या ज्या वाक्याखाली रेघ मारली होती त्यात ‘ज्यूरीला दया आली’ असे मी लिहिले होते.

महाविद्यालय निवडताना मी सर्वांत जास्त वजन याच गोष्टीला देते. पदवीच्या विद्यार्थ्याच्या हातात मूळ साधन दिले जाते का, त्यावर त्याच्याकडून लिहून घेतले जाते का, आणि जे लिहिले ते कोणी वाचून परत देते का. बाकी सारे दुय्यम आहे. इतिहासाचे आधुनिक शिक्षण उभेच या पायावर राहिले. जर्मन इतिहासकार लेओपोल्ड फॉन रांके १८२५ मध्ये बर्लिनच्या विद्यापीठात आले आणि व्याख्यानांच्या जोडीने ते मोजक्या विद्यार्थ्यांना घरी बसवून कागदपत्रे तपासायला शिकवू लागले. सेमिनार नावाची जी पद्धत पुढे जगभर गेली तिचे मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १४४० मध्ये, लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने एक दानपत्र बनावट असल्याचे दाखवून दिले. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पश्चिमेकडील सत्ता पोपच्या हवाली केली असे ते दानपत्र सांगत होते. व्हाल्लाने त्यातली लॅटिन भाषा तपासली आणि रोमच्या अधिकाऱ्यांना ‘सॅट्रप’, म्हणजे मुळात इराणी सुभेदारांची पदवी, लावणारा हा लेख त्या काळचा असूच शकत नाही, असे दाखवले. शब्द कोणत्या काळात चालत होता एवढ्या एका प्रश्नावर शतकानुशतके मानला गेलेला दस्तऐवज कोसळला. असा प्रश्न विचारण्याची सवय अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला लावता येते, आणि ती कशी लागते याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकारांना आणि शाळकरी विद्यार्थ्यांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फोडणाऱ्या १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीसंबंधीची तीच कागदपत्रे वाचायला दिली. इतिहासकार मजकुराकडे वळण्यापूर्वी कागद कोणी, कधी, कोणासाठी लिहिला हे पाहत; हुशार विद्यार्थीसुद्धा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत क्रमिक पुस्तक वाचावे तसे वाचत जात. पहिल्या महाविद्यालयात मी वर्षभर त्या विद्यार्थ्यांसारखीच वाचत होते, आणि मला गुणही मिळत होते.

आता अभ्यासक्रमाविषयी. बहुतेक विभाग अभ्यासक्रम जाहीर करतात, पण तो वाचायचा कसा हे कोणी सांगत नाही. पेपरांच्या शीर्षकांवर जाऊ नये. ‘आधुनिक जगाचा इतिहास’ या एका नावाखाली युद्धे आणि तह यांची जंत्रीही असू शकते आणि शेती, रोगराई, स्थलांतर, स्त्रियांचे श्रम यांचा इतिहासही. प्रत्येक पेपराखाली दिलेली वाचनयादी पाहावी. तीत केवळ परीक्षेसाठी लिहिलेली दोन-तीन पुस्तके असतील, तर शिकवणेही तसेच असणार. एकाच विषयावर परस्परविरोधी भूमिका घेणारे दोन इतिहासकार शेजारी शेजारी ठेवलेले दिसले, तर तो विभाग विचार करायला लावतो असे खुशाल समजावे. १९२९ मध्ये मार्क ब्लोक आणि ल्युसिएँ फेव्र या फ्रेंच इतिहासकारांनी ‘अनाल’ नियतकालिक सुरू केल्यापासून राजे आणि लढाया यांच्या पलीकडे जाऊन समाज, अर्थव्यवस्था, भूगोल आणि माणसांच्या मनोधारणा इतिहासात आल्या. त्याला आता शंभर वर्षे होत आली. इतक्या वर्षांनंतरही एखाद्या अभ्यासक्रमात राजवटींच्या क्रमापलीकडे काही नसेल, तर तो शेवटचा केव्हा बदलला हे विचारण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे.

इतिहासलेखनाचा स्वतंत्र पेपर आहे का, आणि असल्यास कोणत्या वर्षी, हेही पाहावे. आमच्याकडे तो दुसऱ्या वर्षी होता. पहिल्या महाविद्यालयात तो तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात ठेवलेला होता, म्हणजे इतिहास कसा लिहिला जातो हे इतिहास शिकून झाल्यावर कळावे अशी ती मांडणी होती. मला ती उलटी वाटते.

शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो की नाही, ही माझी दुसरी मोठी कसोटी. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात कला आणि विज्ञान शाखांच्या पदवीसाठी शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रबंध लिहावाच लागतो, आणि इतिहासाचा विद्यार्थी त्याच्या आदल्या वर्षीच छोटा शोधनिबंध लिहून त्याची तयारी करतो. ऑक्सफर्डची ट्युटोरियल पद्धत प्रसिद्ध आहे : एक किंवा दोन विद्यार्थी निबंध लिहून शिक्षकासमोर बसतात आणि तासभर त्या निबंधाचीच झडती होते. एवढा शिक्षकवर्ग प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारा नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. परंतु सत्राला किमान दोन निबंध, त्यावर लेखी शेरे, आणि शेवटी एका मार्गदर्शकाच्या हाताखाली लिहिलेला सात-आठ हजार शब्दांचा लघुप्रबंध, एवढे साध्या विभागालाही शक्य असते. आमच्या चार शिक्षकांनी ते करून दाखवले. पदवी तीन वर्षांची की चार वर्षांची, याचाही इथे संबंध येतो. पदव्यांची रचना एकमेकांशी जुळावी म्हणून युरोपीय देशांनी १९९९ मध्ये काढलेल्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर तिथे पहिली पदवी साधारणपणे १८० ते २४० क्रेडिटची, म्हणजे तीन ते चार वर्षांची ठरली. इंग्लंडमध्ये ती सामान्यतः तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत चार वर्षांची असते. भारतात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने दोन्ही पर्याय ठेवले. चौथे वर्ष घ्यावे का, हे त्या वर्षात काय भरले आहे त्यावर ठरवावे. ते संशोधनाचे असेल तर मोलाचे आहे. आणखी चार पेपर एवढेच त्याचे रूप असेल, तर तोच वेळ पुढच्या पदवीला द्यावा.

भाषेचा प्रश्न विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी बहुधा विचारतच नाहीत, आणि तो पुढे सर्वांत जास्त नडतो. ज्या समाजाचा इतिहास वाचायचा त्याची भाषा आणि लिपी आली नाही, तर माणूस जन्मभर दुसऱ्याने निवडलेल्या उताऱ्यांवर अवलंबून राहतो. तुर्कस्तानने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी स्वीकारली, त्यामुळे आजच्या तुर्की विद्यार्थ्याला आपल्याच पणजोबांची पत्रे वाचण्यासाठी जुनी लिपी वेगळी शिकावी लागते. जपानमध्ये जुन्या, एकमेकांत गुंतवून लिहिलेल्या अक्षरांतले कागद बहुतेक सुशिक्षित जपान्यांनाही वाचता येत नाहीत. मराठीत तेच मोडीचे आहे, आणि इंग्लंडच्या सोळाव्या-सतराव्या शतकातले हस्ताक्षरही इंग्रजी येणाऱ्याला सरावाशिवाय लागत नाही. म्हणून विभागात जुन्या लिपीचा वर्ग आहे का, दुसऱ्या विभागात फारसी, लॅटिन, फ्रेंच किंवा ज्या भाषेची गरज असेल ती शिकण्याची मुभा आहे का, आणि त्या तासांची वेळ इतिहासाच्या तासांवर तर येत नाही ना, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण पहिल्या महाविद्यालयात भाषेचा वर्ग होता आणि वेळापत्रकामुळे इतिहासाचा एकही विद्यार्थी त्याला बसू शकत नव्हता.

ग्रंथालय पाहायला जाताना पुस्तकांची एकूण संख्या विचारू नये; ती सगळीकडे मोठीच सांगतात. कपाटे खुली आहेत का, की चिठ्ठी लिहून पुस्तक मागवावे लागते, हे पाहावे. खुल्या कपाटापुढे उभे राहून आपण शोधत असलेल्या पुस्तकाच्या शेजारचे पुस्तक सापडणे, हा इतिहासाच्या शिक्षणाचा मोठा भाग आहे. मग अभ्यासक्रमाच्या वाचनयादीतली पाच नावे निवडून ती तिथे आहेत का, किती प्रती आहेत आणि मागचे पाच शिक्के कोणत्या तारखांचे आहेत, हे बघावे. पहिल्या महाविद्यालयात माझ्या हातात आलेल्या एका नेमलेल्या ग्रंथावरचा शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता. मी तो घरी नेला तेव्हा अकरा वर्षांतली पहिली वाचक होते, आणि त्या एका शिक्क्याने विभागाबद्दल मला जे सांगितले ते वर्षभराच्या तासांनीही सांगितले नव्हते.

संशोधनपर नियतकालिकांचे अंक संगणकावर वाचता येतात का, हे आजच्या काळात तितकेच महत्त्वाचे. जेस्टोर हा संग्रह १९९५ मध्ये उभा राहिला. त्यातला काही भाग सर्वांना खुला असला तरी बराचसा भाग संस्थेने वर्गणी भरली असेल तरच उघडतो. तुमच्या महाविद्यालयाची वर्गणी आहे का, आणि ती घरूनही वापरता येते की फक्त ग्रंथालयाच्या चार संगणकांवर, हे ग्रंथपालांना विचारावे. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे की पुष्कळ मूळ साधने आता कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ओल्ड बेलीचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे १,९७,७४५ खटले शोधसुविधेसह खुले आहेत. अटलांटिक पलीकडे माणसांना गुलाम म्हणून नेणाऱ्या जहाजांच्या ३६,००० हून अधिक सफरींची नोंद दुसऱ्या एका संग्रहात आहे, आणि तीही सर्वांना पाहता येते. त्यामुळे ‘आमच्याकडे साधने नाहीत’ ही सबब आता कोणत्याही विभागाला पुरती वापरता येत नाही. कमतरता असते ती ही साधने वर्गात आणणाऱ्या शिक्षकाची.

शिक्षकांविषयी दोन गोष्टी कळल्या तरी पुरे. पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिकेवर येणारे शिक्षक पुष्कळदा अधिक उत्साही आणि अभ्यासाने अधिक ताजे असतात, हे मी पाहिले आहे. परंतु त्यांना बसायला खोली नसते, तास संपताच दुसऱ्या महाविद्यालयाची वाट धरावी लागते, आणि पुढच्या वर्षी ते असतील याची खात्री नसते. लघुप्रबंधाला मार्गदर्शक मध्येच बदलला की विद्यार्थ्याचे काय होते, हे माझ्या एका मैत्रिणीने सोसले आहे. दुसरी गोष्ट, शिक्षक स्वतः कशाचा अभ्यास करतात. चारही जण एकाच कालखंडावर काम करत असतील, तर विद्यार्थ्याचीही नजर तिथेच अडकते.

प्रवेशापूर्वीच्या भेटीच्या दिवसाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. त्या दिवशी दाखवले जाते ते सभागृह, मैदान आणि सत्कारांची छायाचित्रे. साध्या कामाच्या दिवशी जावे. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन दुसऱ्या वर्षाच्या एका तासाला मागच्या बाकावर बसावे आणि त्या तासात विद्यार्थी किती वेळा तोंड उघडतात ते मोजावे. नंतर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठावे आणि ‘कॉलेज कसे आहे?’ असे न विचारता ‘तुमचा शेवटचा तपासलेला निबंध दाखवता का?’ असे विचारावे. माझ्या धाकट्या बहिणीने असेच केले. एका ठिकाणी त्या मुलाने ‘निबंध परत देत नाहीत’ असे सांगितले. दुसरीकडे एका मुलीने पिशवीतून सहा पाने काढली; तिला त्यात कमी गुण होते, तरी तिने ती जपून ठेवली होती, कारण समासातला वाद अजून मिटला नव्हता.

दुसऱ्या महाविद्यालयाचेही दोष सांगितलेच पाहिजेत. ग्रंथालय संध्याकाळी लवकर बंद होई आणि सुट्टीच्या दिवशी उघडत नसे. आर्थिक इतिहास शिकवणारे कोणीच नव्हते, त्यामुळे आकडेवारी वाचण्याची जी तयारी व्हायला हवी होती ती झाली नाही. पुढच्या शिक्षणात मला ती स्वतः भरून काढावी लागली आणि ते सोपे गेले नाही. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका हे दोन प्रदेश अभ्यासक्रमात जवळजवळ नव्हते. लहान वर्गाचा एक तोटाही असतो : एखाद्या शिक्षकाशी पटले नाही तर पर्याय उरत नाही, आणि तीन वर्षे त्यांच्याच हाताखाली काढावी लागतात. मोठ्या विद्यापीठात विषयांची निवड खूप असते, पाहुण्या अभ्यासकांची व्याख्याने होतात, शेजारच्या विभागात पुरातत्त्व किंवा मानवशास्त्र शिकता येते; हे मला मिळाले नाही आणि त्याची रुखरुख आहे.

पदवीनंतर काय, या बाबतीत तर ते महाविद्यालय फारच मागे होते. इतिहासाचे पदवीधर कायद्याकडे, पत्रकारितेकडे, प्रशासनाकडे, अध्यापनाकडे, अभिलेखागारांत आणि संग्रहालयांत जातात. कागदावरून नेमके काय ठरते आणि काय ठरत नाही हे ओळखता येणे या सगळ्या ठिकाणी उपयोगी पडते. पण हे विद्यार्थ्याला सांगणारे, अर्ज कसा लिहावा हे दाखवणारे, एखाद्या संग्रहालयात उन्हाळ्याचे काम मिळवून देणारे तिथे कोणी नव्हते. पहिल्या महाविद्यालयात त्यासाठी स्वतंत्र कक्ष होता आणि तो चांगला चालत असे. ज्यांच्या घरी पदवीनंतर लगेच कमावणे भाग आहे, त्यांनी या गोष्टीला माझ्यापेक्षा जास्त वजन द्यावे. तसे करण्यात काही कमीपणा नाही.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी दूरशिक्षणाचा मार्ग आहे आणि तो दुय्यम मानू नये. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले, भारतातले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये. तिथेही कसोटी तीच लावावी : पाठवलेला स्वाध्याय शेऱ्यांसह परत येतो का, की नुसता गुणांचा आकडा येतो.

माझे मत विचारले तर शिकवण्यासाठी मी दुसऱ्या महाविद्यालयाला पाचपैकी साडेचार देईन, ग्रंथालयासाठी तीन आणि पुढच्या वाटेच्या मदतीसाठी एक. पहिल्याला याच क्रमाने दोन, चार आणि चार. ग्रंथालयाचे चार हे तिथल्या संग्रहाला आहेत. ते ग्रंथ आपापल्या कपाटात शिक्क्याविना उभे आहेत, आणि वाचणारा विद्यार्थी तिथे गेला तर ते सगळे त्याचेच आहेत. बहिणीने शेवटी सहा पाने दाखवणाऱ्या मुलीचे महाविद्यालय निवडले. परवा तिचा पहिला निबंध परत आला. तिसऱ्या पानावर एका वाक्याखाली रेघ होती आणि समासात लिहिले होते, ‘पुरावा?’ ती रात्री उशिरापर्यंत तेच वाक्य पुन्हा लिहीत बसली होती.